अंगणाची आखणी : भिंत कोरडी, भूमी ओली

खेड्यातील घराचा निम्मा संसार अंगणात चालतो. धान्य वाळविणे, शेंगा फोडणे, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची बैठक, लग्नाचा मांडव आणि तुळशीची पूजा या सर्वांना अंगणच जागा देते. पावसाळ्यात ते याखेरीज आणखी एक काम करीत असते. आकाशातून व छपरावरून पडणारे पाणी घरापासून दूर नेणे आणि जमिनीत मुरविणे हे ते काम होय. पहिली कामे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. या शेवटच्या कामाकडे मात्र अलीकडे दुर्लक्ष होत आहे. दगडी फरसबंदी, बसण्याचा चौथरा आणि निसर्गाच्या धर्तीवर केलेली लागवड यांच्या साहाय्याने अंगण सुबक कसे करावे आणि त्याचबरोबर हे विसरलेले कामही त्याच्याकडून कसे करून घ्यावे, याचा विचार या लेखात केला आहे.

उचगावचे उदाहरण

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या मार्गालगत, बेळगाव तालुक्यात उचगाव हे मराठी भाषिकांचे गाव आहे. हा पट्टा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर येतो. बेळगाव येथे वर्षास सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो व पश्चिमेस डोंगराकडे जावे तसतसा तो वाढत जातो. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. भात, बटाटा, रताळी आणि भाजीपाला पिकविणाऱ्या या भागात आषाढात पाणी नको होते आणि चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. एकाच घराला वर्षात दोनदा, परस्परविरुद्ध अडचणींना तोंड द्यावे लागते.

हे पाणी किती असते याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. घरापुढे २० फूट रुंद व २५ फूट लांब अंगण असल्यास त्याचे क्षेत्र ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर होते. वर्षाच्या १,३०० मिलिमीटर पावसात एवढ्या जागेवर सुमारे ६० हजार लिटर पाणी पडते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या प्रमाणाने पाच माणसांच्या कुटुंबास सात महिने पुरेल इतके हे पाणी आहे. ते सर्व साठविता येणार नाही आणि सर्व मुरणारही नाही. तथापि त्याचा मोठा भाग गटारात जावा की आपल्या जमिनीत, हे अंगणाच्या आखणीवर अवलंबून असते.

सिमेंटच्या अंगणाचे दोन परिणाम

पूर्वीचे अंगण मातीचे असे. मुरूम पसरून, धुम्मस करून ते शेणाने सारवीत. या सारवणाचे कष्ट प्रामुख्याने घरातील स्त्रियांच्या वाट्यास येत. पावसाळ्यात चिखल होई, वयस्कर माणसे घसरत. म्हणून हाती पैसा येताच लोकांनी अंगणात सिमेंट ओतले, यात नवल नाही. पाऊल कोरडे राहावे ही गरज रास्तच आहे. परंतु भिंतीपासून रस्त्यापर्यंत सर्व जागा सिमेंटने झाकली गेली की दोन गोष्टी घडतात. पहिली, पाणी मुरणे थांबते व ते वेगाने गल्लीत लोटले जाते. दुसरी, सिमेंटचा उतार चुकला असल्यास तेच पाणी उलट फिरून भिंतीच्या बुडाशी साचते.

मातीच्या भिंतीस दुसरी गोष्ट अत्यंत धोक्याची असते. भिंतीचे बूड दिवसेंदिवस ओले राहिले की मातीची पकड सुटते आणि वरचे वजन तिला सोसवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले, मार्कंडेय नदीकाठच्या शिवारांत पाणी शिरले आणि जिल्ह्यात मातीच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने पडली. पुराचे पाणी अडविणे एका घराच्या हाती नसते. परंतु आपल्याच अंगणाचे पाणी आपल्याच भिंतीवर येऊ न देणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. म्हणून अंगणाच्या आखणीचे सूत्र असे ठेवावे : भिंत कोरडी, भूमी ओली.

आपल्या जुन्या वास्तूंना हे सूत्र परिचित होते. वाड्यातील चौक भोवतालच्या सोप्यांपेक्षा खाली ठेवीत. गोव्यातील जुन्या घरांमधील राजांगणही आकाशास उघडे व भोवतालच्या पडव्यांहून सखल असते. पाणी कोठे पडणार आणि कोठून बाहेर जाणार हे ठरल्यावरच तेथे जोते बांधले जाई.

आधी पाणी पाहावे

आखणीस आरंभ करण्यापूर्वी एका जोराच्या पावसात आपल्या अंगणाचे निरीक्षण करावे. पागोळ्या कोठे पडतात, पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोठून बाहेर जाते, या चारही ठिकाणी खुंट्या ठोकून ठेवाव्यात. पाऊस उघडल्यावर त्या खुंट्यांवरून कागदावर साधा नकाशा काढावा. विहीर, शौचालयाचा खड्डा, गोठा, जुनी झाडे व जाण्यायेण्याच्या वाटा त्यात दाखवाव्यात. माणसे व गुरे रोज ज्या वाटेने जातात ती वाट शक्यतो बदलू नये. नकाशात सुंदर दिसणारी वळणाची वाट डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला गैरसोयीची असते.

अंगणाचे तीन पट्टे

घराकडून बाहेरच्या बाजूस अंगणाचे तीन पट्टे कल्पावेत.

पहिला कोरडा पट्टा. हा भिंतीलगत असतो. छपराची पुढे आलेली कड जेथे संपते त्याच्या पलीकडे अर्धा फूट जाईल इतकी त्याची रुंदी, म्हणजे सामान्यतः अडीच ते तीन फूट, ठेवावी. हा पट्टा मात्र पक्का, पाणी न मुरणारा असावा. येथे घडीव दगड चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवावेत व दर २ फुटांस १ इंच याप्रमाणे बाहेर उतार द्यावा. पट्ट्याच्या बाहेरील कडेस पागोळ्यांचे पाणी झेलणारी उथळ दगडी पन्हळ करावी व ती सखल बाजूस न्यावी. या पट्ट्यात झाडे लावू नयेत, लाकूडफाटा किंवा शेणाचा ढीग ठेवू नये. वाळवीचा उपद्रव बहुधा अशाच ढिगांतून भिंतीत शिरतो.

दुसरा वावराचा पट्टा. बसण्याउठण्याची, वाळवणाची व खेळण्याची जागा ती हीच. येथे सांधे मोकळे ठेवून दगड बसवावेत, म्हणजे पाऊल कोरडे राहते आणि पाणीही खाली उतरते. येथे दर ४ फुटांस १ इंच उतार पुरेसा होतो. याहून अधिक उतार दिल्यास बाज व खुर्ची डुगडुगतात आणि कमी दिल्यास डबकी साचतात. धान्य वाळविण्यासाठी सलग जागा हवीच असेल तर तेवढाच तुकडा पक्का करावा, संपूर्ण अंगण नव्हे.

तिसरा ओला पट्टा. अंगणाच्या सर्वांत सखल बाजूस, भिंतीपासून १० ते १२ फुटांपेक्षा जवळ येणार नाही अशा बेताने, बशीसारखा उथळ खळगा करावा. त्याची लांबी १० फूट, रुंदी ६ फूट व मध्यभागी खोली १ फूट असावी आणि कडा हळूहळू उतरत्या असाव्यात. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाल्यास ५०० चौरस फुटांच्या अंगणावर सुमारे २,३०० लिटर पाणी पडते. अशा खळग्यात त्यातील निम्मे मावते. उरलेले पाणी जाण्यासाठी दगडी तोंड ठेवून ते गल्लीच्या गटारास जोडावे. छपराचे पाणीही येथे आणावयाचे असेल तर खळगा त्या मानाने वाढवावा. लाल मुरमाड जमिनीत पाणी लवकर मुरते. भातखाचराजवळच्या चिकण जमिनीत ते सावकाश मुरते. तेथे खळगा उथळ व मोठा करावा.

दगडाची निवड

या भागात दोन प्रकारचा दगड सहज मिळतो. काळा पाषाण कठीण व झिजेस टिकणारा असतो. चालण्याच्या जागी तोच वापरावा. त्याचा पृष्ठभाग टाकीने खडबडीत केलेला असावा. जांभा दगड सच्छिद्र असतो. खाणीतून नवा काढला असता तो कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. विटेसारख्या चिऱ्यांच्या या उपयोगामुळेच फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये त्याला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि पायाखाली तो झिजतो. म्हणून त्याचा उपयोग कडा, ओटे व बुटक्या भिंती यांसाठी करावा. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी वापरावयाची असल्यास घोटलेली बाजू खाली व खरबरीत बाजू वर ठेवावी.

नवा दगड आणण्यापूर्वी घरी काय आहे ते पाहावे. पडलेल्या जुन्या घराच्या जोत्याचे दगड, फुटकी जाती, पाटे, उंबऱ्याचे दगड परड्यात पडून असतात. हे सर्व फरसबंदीत उत्तम बसतात. जुन्या जोत्याचे चिरे नव्या पिढीच्या पायाखाली राहावेत, यात काटकसरीबरोबर एक प्रकारचा जिव्हाळाही आहे.

बसण्याचा दगडी चौथरा

अंगणात १० फूट रुंद व १२ फूट लांब चौथरा चार-सहा माणसांच्या बैठकीस पुरतो. त्याची जागा सायंकाळी सावलीत येईल अशी निवडावी. कामाचा क्रम असा ठेवावा.

सुतळी व खुंट्या लावून जागा आखावी. ८ ते ९ इंच माती खणून काढावी. वरची काळसर माती लागवडीसाठी वेगळी ठेवावी. तळास पाणसळ लावून ठरलेला उतार द्यावा. त्यावर ४ इंच मुरूम दोन थरांत पसरून प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकावा. वर २ इंच वाळू किंवा दगडाची चुरी पसरावी. त्यावर २ ते ३ इंच जाडीचे दगड एकेक बसवावेत व लाकडी हातोड्याने ठोकून समपातळीत आणावेत. दोन दगडांत अर्धा इंच सांधा राहू द्यावा. चार दगडांचे कोपरे एका बिंदूत येऊ देऊ नयेत; सांधे विटेच्या बांधकामाप्रमाणे तुटक ठेवावेत. शेवटी सांध्यांत चुरी झाडूने भरून पाणी शिंपडावे. आठ दिवसांनी सांधे खचतात, तेव्हा पुन्हा चुरी भरावी. चौथऱ्याच्या चारही कडांस जांभ्याचे चिरे रोवावेत, नाहीतर कडेचे दगड बाहेर सरकतात.

या चौथऱ्यास ठोकल्यानंतरचा मुरूम ४० घनफूट लागतो; ठोकताना तो दबत असल्याने ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास आणावा. चुरी पाव ब्रास पुरते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर ज्या वाटेने जाणार असेल तेथे मुरमाचा थर दुप्पट करावा. कोरड्या बसविलेल्या फरसबंदीचा मोठा फायदा असा, की एखादा दगड खचल्यास तेवढाच उचलून पुन्हा बसविता येतो. घरातील माणसेही हे काम करू शकतात.

अंगणाच्या कडेस बुटकी भिंत हवी असल्यास गडगा घालावा. तीन फूट उंचीच्या गडग्यास बुडाशी दोन फूट व माथ्यावर एक फूट रुंदी द्यावी. मोठे दगड खाली घालावेत, प्रत्येक थरात काही लांब दगड आरपार ठेवावेत आणि दोन्ही बाजू आत झुकत्या ठेवाव्यात. तीन फुटांहून अधिक उंचीची माती अडवावयाची असल्यास जाणकार अभियंत्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

निसर्गाच्या धर्तीवर लागवड

लागवडीचा धडा घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. उचगावात मळेकरणी देवीची आमराई आहे. कोणत्याही जुन्या आमराईत किंवा देवराईत उभे राहून पाहिले तर तीन थर दिसतात : वर मोठ्या झाडांचे छत्र, मधे झुडपे व वेली आणि जमिनीवर गवत, छोटी रोपे व पानांचा गालिचा. तेथे कोणी पाणी घालीत नाही आणि खतही टाकीत नाही. गळालेली पाने जमीन झाकतात, ओल धरतात आणि कुजून तिचेच खत होते.

परदेशांतील जाणकारांनीही हाच विचार मांडला. आयर्लंडमध्ये जन्मलेले उद्यानतज्ज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये ‘द वाइल्ड गार्डन’ हे पुस्तक लिहून, दरवर्षी उपटून नवी रोपे लावण्याच्या तत्कालीन इंग्लंडमधील खर्चिक पद्धतीस विरोध केला. जे झाड जेथे आपोआप तग धरील तेथे ते लावावे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या गावांना तो अधिकच लागू पडतो.

वरच्या थरासाठी आंबा, फणस, जांभूळ, आवळा व बकुळ ही झाडे या हवेत चांगली येतात. आंबा, फणस व जांभूळ घरापासून किमान २० फूट दूर, शक्यतो पश्चिमेस लावावीत. वैशाखातील दुपारचे ऊन ती अडवितात. वड, पिंपळ व उंबर यांना घराजवळ किंवा विहिरीच्या बांधकामाजवळ थारा देऊ नये. त्यांची मुळे भिंत फोडतात. अंगण लहान असल्यास वरच्या थरासाठी एकच झाड पुरे.

मधल्या थरासाठी पारिजातक, सोनचाफा, अनंत, तगर, जास्वंद, कढीपत्ता, अडुळसा व निर्गुडी यांतून निवड करावी. उन्हाळ्यात मोगरा व बकुळ, पावसाच्या आरंभी अनंत, भाद्रपद-आश्विनात पारिजातक आणि बाराही महिने तगर, अशी फुलांची साखळी साधता येते. कण्हेर व बिट्टी ही फुलझाडे विषारी आहेत. लहान मुले व गुरे असलेल्या अंगणात ती लावू नयेत.

जमिनीलगतच्या थरासाठी हळद, आंबेहळद, गवती चहा व अबोली उपयुक्त आहेत. फरसबंदीच्या सांध्यांत हरळी आपोआप येते. ती कापून आखूड ठेवावी. भाद्रपदात गौरीच्या पूजेस लागणारा तेरडा एकदा रुजला की दरवर्षी आपले बी आपणच पेरतो. ओल्या पट्ट्यात अळू, वेखंड, ब्राह्मी व सोनटक्का लावावेत आणि कडेने वाळा लावावा. वाळ्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात.

रोपे एकेक विखरून लावण्याऐवजी एका जातीची तीन किंवा पाच मिळून पुंजक्याने लावावीत. त्यामुळे जमीन लवकर झाकते व तणास वाव राहत नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लागवड करावी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते. गळालेली पाने जाळू नयेत. झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून दोन इंच जाडीने पसरावीत. देवराईतून रोपे उपटून आणू नयेत. ती रोपवाटिकेतून घ्यावीत किंवा बियांपासून घरी करावीत.

डास, साप व सांडपाणी

अशा अंगणाविषयी गावकऱ्यांच्या मनात तीन शंका येतात व त्या योग्य आहेत. डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणून ओल्या पट्ट्यातील पाणी दोन दिवसांत मुरले पाहिजे. तसे न झाल्यास खळग्याच्या मातीत चुरी मिसळावी किंवा बाहेर जाण्याचे तोंड खाली घ्यावे. पक्ष्यांसाठी जुन्या उखळात पाणी ठेवीत असल्यास ते एक दिवसाआड बदलावे.

सापांच्या दृष्टीने घराजवळचे सहा फूट स्वच्छ व उघडे ठेवावेत. तेथे गुडघ्याहून उंच झुडूप नसावे. गडगा घरास टेकवू नये आणि घराजवळच्या गडग्यातील पोकळ्या माती व बारीक दगडांनी भराव्यात. रात्री अंगणात दिवा असावा.

ओल्या पट्ट्यात फक्त पावसाचे पाणी सोडावे. न्हाणीघराचे व भांडी घासण्याचे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात न्यावे. गोठ्याचे पाणी व शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांनी हा विषय प्रयोगाने शिकवावा. दोन्ही बाजूंनी उघडे असलेले एकसारखे डबे घ्यावेत. एक मातीच्या जमिनीत दोन इंच रोवावा. दुसरा फरसबंदीच्या सांध्यावर व तिसरा सिमेंटवर ठेवून त्यांच्या बुडाशी बाहेरून चिकण माती लिंपावी. प्रत्येकात एक लिटर पाणी ओतून ते जिरण्यास किती मिनिटे लागतात ते मुलांनी लिहून ठेवावे. सरळ बाजूंच्या भांड्यात रोजचा पाऊस मोजावा आणि शाळेच्या अंगणावर किती लिटर पाणी पडले याचे गणित मांडावे. आपल्या घरचा हिशेब मुलांनी घरी सांगितला म्हणजे वडीलधाऱ्यांस तो अधिक पटतो.

ग्रामपंचायतीचे काम

एकेका घराची खटपट गल्लीच्या कामामुळे वाया जाऊ शकते. जुन्या रस्त्यावर पुनःपुन्हा काँक्रीटचे थर दिले की रस्ता अंगणाहून उंच होतो आणि रस्त्याचे पाणी घरांत उतरते. म्हणून नवा थर देण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या जोत्यांची पातळी मोजावी, आवश्यक तेथे जुना थर काढावा आणि गटाराचा तळ अंगणाच्या तोंडाहून खाली राहील याची खात्री करावी. शाळा, चावडी व देवळाच्या आवारात फरसबंदी करताना सांधे मोकळे ठेवावेत व जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती किमान चार फूट माती उघडी सोडावी. बुंध्यापर्यंत सिमेंट लावल्याने मुळांना पाणी व हवा मिळत नाही आणि काही वर्षांत सावली देणारे झाड वाळून जाते.

हे सर्व काम एका वर्षात व्हावे असा आग्रह नाही. फाल्गुन-चैत्रात भिंतीलगतचा कोरडा पट्टा व पन्हळ पुरी करावी. भिंतीचे रक्षण आधी झाले पाहिजे. पुढील उन्हाळ्यात चौथरा बांधावा व ओला पट्टा खणावा आणि त्यानंतरच्या मृगात लागवड करावी. सिमेंटचे अंगण आधीच झाले असल्यास ते सर्व फोडण्याची गरज नाही. भिंतीकडील उतार दुरुस्त करावा व सखल बाजूचा सहा फुटांचा पट्टा तेवढा मोकळा करावा. दर आषाढात एकदा पावसात उभे राहून पाणी कोठे जाते ते पाहावे आणि जेथे अडते तेथे दगड हलवावा.

भिंतीचे बूड कोरडे राहिले तर घर टिकेल आणि अंगणातील माती ओली राहिली तर विहिरीस आधार मिळेल. या दोन्ही गोष्टी दगड, माती, झाड आणि घरच्या माणसांचे श्रम यांतून साधतात. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या अंगणाचा उतार एकदा पाणसळीने तपासून पाहावा.